कंपनीचा पंप

जिंतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी मोटार-मिस्त्री म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि जे सांगणार आहे ते घडलं तेव्हा सव्वीसचा. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत आले होते, पण आमच्या गॅरेजातली भाषा तीच जुनी राहिली होती, कारण गॅरेज उस्तादांचं होतं.

म्हणजे जागा मालकांची, दोन लॉऱ्या आणि एक काळी विलायती मोटार मालकांची. उस्ताद नोकरच. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, हैदराबादेत एका नवाबाच्या मोटारखान्यात काम शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर तो मोटारखाना मोडला तेव्हा मालकांनी त्यांना इथं आणलं. बायको सोबत होती, मूलबाळ नव्हतं. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली दुसरा मिस्त्री होतो. माझ्यानंतर लागलेले जिनिंगमधले फिटर पुढं सरकले, मी दुसराच राहिलो. हे मुद्दाम सांगतो. पुढं जे केलं त्याला याहून बरं कारण मी बरीच वर्षं शोधलं, ते मिळालं नाही.

त्या उन्हाळ्यात मोटारीचा तेलाचा काटा पडायला लागला. इंजिनाच्या खाली चेंबर असतो, त्यात तेल असतं. तिथला छोटा पंप ते तेल वर चढवतो आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागाला पोचवतो. तेल किती जोरानं चढतंय ते चालकासमोरचा काटा सांगतो. गाडी थंड असली की काटा ठीक असायचा, तापली की खाली यायचा.

उस्तादांनी चेंबर उतरवला, पंप खोलला. आतली दोन दातेरी चाकं रॉकेलनं धुऊन तळहातावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पाहत बसले. मग चाकं परत बसवून वरून सरळ पट्टी ठेवली, फटीत मापाची पातळ पत्ती घालून पाहिली. पत्ती गेली नाही.

"पंप कू कुच नै हुआ," ते म्हणाले. "बेरिंगं झिजलीत. तेल बाजूनं निसटायलंय, मग काटा काय करंल?"

मीही पत्ती घालून पाहिली. मलाही तेच दिसलं. हेही सांगून ठेवतो.

सकाळी मालक आले. पांढरं धोतर सावरत ते गॅरेजच्या दारातच उभे राहायचे, आत यायचे नाहीत. उस्तादांनी सांगितलं, "चार दिवस द्या मालक. बेरिंगं नवी ओतून घेतो. पंपाला हात लावू नका. कंपनीनं बसवलेला हाय, मोटारीच्या मापाचा हाय. अजून लय वर्षं चालंल."

"चार दिवस न्हाईत," मालक म्हणाले. "परवा सोयरे यायलेत पोरीला बघायला. त्यांना परभणीच्या ठेसनावर मोटारीनंच सोडायचंय."

"मग लॉरीनं..."

"व्याह्यांना लॉरीत बसवू मी?"

मालकांची नजर माझ्यावर आली. "तुला काय वाटतं रे?"

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी म्हणालो, "नवा पंप टाकला तर काम होईल, मालक. एका दिवसात होईल."

मालकांनी लगेच माणूस परभणीला पिटाळला. ते गेल्यावर उस्ताद मला म्हणाले, "तू पत्ती घालून बघितली होतीस ना?"

"बघितली. पण जुनं किती दिवस चालवायचं, उस्ताद? कधी तरी बदलावंच लागतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंपाबद्दल बोलत नव्हतो हे त्यांना कळलं असावं. ते लॉरीच्या कामाला लागले.

पंप आला तो कंपनीचा नव्हता. कुठल्याशा कारखान्यानं त्याच मापाचा म्हणून केलेला. उस्ताद म्हणाले, याला मी हात लावणार नाही. मला हेच हवं होतं. मीच तो बसवला. पंपाच्या दांड्याला टोकाशी चपटी जीभ असते, ती इंजिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि इंजिन फिरलं की पंप फिरतो. या पंपाची जीभ खाचेत निम्मीच गेली. दोनदा काढून घातला, तेच. मालक दारात उभे होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं." आणि बोल्ट आवळले.

मोटार सुरू केली. नव्या पंपाची तेल दाबून धरणारी स्प्रिंग कडक होती, म्हणून काटा सरसर वर गेला. मालक आयुष्यात पहिल्यांदा गॅरेजच्या आत आले, काट्याकडं पाहिलं आणि उस्तादांना म्हणाले, "काय मिस्त्री? चार दिवस लागणार होते ना?" जिनिंगचे दोन फिटर दारात उभे होते, ते हसले. मीही हसलो.

सोयरे आले, मुलगी बघून झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीसाठी मी त्यांना घेऊन निघालो. पुढं माझ्याशेजारी मालक, मागं व्याही, विहीणबाई आणि नवरदेवाचा मामा. वाटेतल्या बोरी गावाच्या अलीकडं काटा एकदम खाली पडला. हळूहळू नाही, एकदम. ऊन काचेवर चमकत होतं म्हणून दिसलं नाही, असं मी नंतर सांगितलं. मला दिसलं होतं. पण मागं व्याही जिनिंगची तारीफ करत होते, मालक खुशीत होते, आणि तिथं रस्त्यात थांबून काय सांगायचं ते मला सुचेना. मी मैल-दीड मैल तशीच दामटली. आधी टकटक सुरू झाली, मग लोखंडावर घण घातल्यासारखा एक आवाज. इंजिनाची भिंत फोडून पिस्टनचा दांडा बाहेर आला. रस्त्यावर काळ्या तेलाची ओळ लागली.

सोयरे कडब्याच्या गाडीत बसून पुढं गेले. त्यांची आगगाडी चुकली. आठ दिवसांनी सोयरीक जमत नसल्याचा निरोप आला. कारण पत्रिकेचं दिलं होतं, पण मालकांनी खापर मोटारीवरच फोडलं.

त्या आठ दिवसांत मी इंजिन खोललं होतं. जीभ मोडून चेंबरच्या तळाशी पडली होती. ती मी खिशात घातली आणि संध्याकाळी ओढ्यात टाकली.

निरोप आला त्या सकाळी मालकांनी मला बोलावलं. "नवा पंप असून तेल का चढलं न्हाई?"

"कळत न्हाई, मालक."

"म्हाताऱ्यानं काही केलं असंल का? त्याच्या मनाविरुद्ध झालं होतं."

मी जमिनीकडं पाहत म्हणालो, "सांगता येत न्हाई."

एवढंच बोललो. खोटं एकही अक्षर बोललो नाही, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे.

उस्तादांना जिनिंगच्या आवारात उभं केलं. कापूस निवडणाऱ्या बाया, हमाल, फिटर, सगळे गोळा झाले. मालकांनी फार आरडाओरडा केला नाही. शांतपणे विचारलं, "पंपाला काय केलंस?" उस्ताद म्हणाले, "मी हातसुद्धा लावला न्हाई." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोललो असतो तर तिथंच संपलं असतं.

मालक मला म्हणाले, "याला तेलाची लय काळजी असती. ते जळकं तेल आण."

चेंबरमधून काढलेलं तेल घमेल्यात होतं. मी ते आणलं.

"घाल डोक्यावर."

उस्तादांनी टोपी स्वतःच काढली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्यासाठी ते थोडे वाकले, कारण ते माझ्याहून उंच होते. मी घमेलं उचललं आणि ओतलं. कपाळावरून, डोळ्यांतून, दाढीतून तेल खाली आलं. पांढरी दाढी बघता बघता काळी झाली. आधी कुणी तरी एक बाई हसली, मग बरेच जण हसले. जिनिंगमध्ये कापसाची रुई हवेतच तरंगत असते. ती येऊन त्यांच्या तोंडावर, मानेवर चिकटत गेली. ते डोळे मिटून उभे राहिले.

विहिरीवर तोंड धुवायला ते वळले तेव्हा मालक म्हणाले, "पाणी जिनिंगचं हाय." मग ते तसेच फाटकाबाहेर गेले. बाजाराचा दिवस होता. त्यांचं घर बाजाराच्या पलीकडं होतं. पोलिसात जाण्याचा विचार त्यांनी केला असेल असं वाटत नाही. त्या वर्षांत त्यांच्यासारख्या माणसाचं तिथं कोण ऐकणार होतं, आणि साक्ष कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको गॅरेजच्या दारात आली. उस्तादांची हत्यारांची पेटी मागायला. पेटी द्यायची नाही असं मालकांनी बजावलं होतं. मी तिला फक्त चष्मा दिला. तिनं तो पदरात घेतला आणि म्हणाली, "आता चष्म्यानं काय होतंय. डोळे सुजलेत, उघडत न्हाईत." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तेल कुनी घातलं, बाबा? ते सांगत न्हाईत."

म्हणजे घरी त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हणालो, "मी तिथं नव्हतो, अम्मा."

महिन्याभरात ते दोघं गाव सोडून गेले. मी मुख्य मिस्त्री झालो. मोटारीत दुसरं इंजिन बसलं, मालकांच्या मुलीचं लग्न सोनपेठकडं झालं. उस्तादांची पेटी मी वापरत होतो. हत्यारं उत्तम होती.

दोन-तीन वर्षांनी येलदरीच्या धरणाचं काम जोरात सुरू झालं आणि मालकांनी एक लॉरी तिथं दगड वाहायला लावली. एकदा तिचे ब्रेक लागेनात म्हणून मी गेलो. तिथल्या यंत्रांची दुरुस्ती करणारी पत्र्याची शेड होती; कामावरच्या गाड्याही तिथंच दुरुस्त करून वहीत नोंदवायचा नियम होता. आत स्टुलावर उस्ताद बसलेले. डावा डोळा पूर्ण पांढरा झाला होता. त्यांनी मला उजव्या डोळ्यानं ओळखलं.

"बोला, काय काम हाय तुमचं?"

मला ते नेहमी अरे-तुरे करत. मी ब्रेकचं सांगितलं. ते उठले, लॉरीखाली गेले, अर्ध्या तासात काम करून बाहेर आले. ते हात पुसत असताना मी बोललो. तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"उस्ताद, पंपाची जीभ मोडली होती. मी ती खाचेत निम्मीच बसवली होती. मला म्हाईत होतं."

"मलाबी म्हाईत होतं," ते म्हणाले.

मला कळेना.

"लॉरीखाली होतो मी. तिथनं दिसत होतं. दोनदा काढून घातला तुमी."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुमी इचारलं न्हाई." त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं. "म्हणलं, जाऊ दे. मोडंल रस्त्यात कुठं तरी. कळंल मालकाला, कोन मिस्त्री हाय ते."

"मोटारीत पाच माणसं होती."

"हां," ते म्हणाले. "पाच होती."

त्यांच्या आवाजात पस्तावा नव्हता आणि रागही नव्हता. वहीत सही कुठं करायची ते त्यांनी मला बोटानं दाखवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर मला एकदम मोकळं वाटायला लागलं. दोष आता निम्मा झाला, असं काहीसं मनात आलं, आणि मी चक्क शीळ घालत लॉरी चालवली. घाट चढताना त्यांचा पांढरा डोळा आठवला, तेव्हा शीळ थांबली. मी बोलत नाही म्हणून ते गप्प राहिले, ते बोलत नाहीत म्हणून मी. पण घमेलं माझ्याच हातात होतं, त्याची वाटणी करता आली नाही.

त्यानंतर मी येलदरीला चार-पाच वेळा गेलो. लॉरीचं काही निघालं तर दुसऱ्या शेडमधल्या मिस्त्रीकडून करून घेतलं.