नैऋत्येची टाकी

घर विकायला काढलेल्या माणसाशी पहिल्या भेटीत मी भावाचं काहीच बोलत नाही. आधी चहा घेते. सावेडीत हा धंदा करणारी बाई एकटी मीच, आणि त्याचा मला फायदा होतो. पुरुष एजंटाला लोक हॉलमध्ये बसवतात, फाईल दाखवतात आणि वाटेला लावतात. मला स्वयंपाकघरात नेतात. ओट्याशी उभी राहून बाई दुधाचं पातेलं चढवते आणि बोलायला लागते. मुलगा कुठं असतो, सून कशी आहे, घर का काढलंय, घाई किती आहे. चहाला उकळी येईपर्यंत हे लोक किती खाली येतील ते मला कळलेलं असतं.

विकणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा येतो, हे आधीच लिहून टाकते. प्रत्येकाला वाटतं, आपल्यासारखं घर अख्ख्या नगरात नाही. फरशी कुठून आणली, गवंडी किती चोख होता, बाथरूमच्या टाइल्स यांनी स्वतः कशा निवडल्या, सगळं मला ऐकावं लागतं. घेणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं. तो आधी भिंतीची ओल बघतो, मग गाडी कुठं लावायची ते बघतो. अशा लोकांना जमिनीवर आणायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. खरं गिऱ्हाईक आधी न्यायचंच नाही. आधी दोन-तीन खोटी न्यायची. आपलीच माणसं, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांनी घर फिरायचं, नाक मुरडायचं, एखादी खोट काढायची आणि निघून जायचं. तिसऱ्या नकारानंतर मालक आपणहून विचारतो, काही कमी-जास्त करायचं का. मग खरं गिऱ्हाईक न्यायचं.

ही रीत काही मी शोधून काढलेली नाही. पण ती माझ्याइतकी कुणाला साधत नाही, कारण कोणती खोट काढली म्हणजे वर्मी लागेल, हे मला चहाबरोबर कळलेलं असतं.

ज्यांची ही गोष्ट, त्या काकू श्रीगोंद्याकडच्या. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होता. एका दिवाळीच्या बोनसमध्ये जोतं, दुसऱ्या दिवाळीला भिंती, तिसऱ्या दिवाळीला स्लॅब, असं करत त्यांनी तीन खोल्यांचं घर उभं केलं होतं. पूर्वेला तोंड, मागच्या परसात लिंबाचं झाड. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा चिंचवडला. तो म्हणत होता, घर विक आणि इकडं ये. काकूंना जायचं नव्हतं. मागच्या दिवाळीला त्या आठ दिवस तिथं राहून आल्या होत्या.

"सून वंगाळ न्हाई," त्या मला म्हणाल्या. "पन मी फ्रीज उघडला की ती बघाय येती."

मागं दोन गल्ल्या सोडून एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट विकायला होता. तळमजला, रस्त्याकडे खिडकी. तो मीच त्यांना दाखवला होता. काकू घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्या खिडकीखाली त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शिलाई मशीन कुठं बसेल ते वितीनं मोजून आल्या. त्यांच्या घराचा भाव त्या खोलीवरून ठरलेला होता. तेवढे आले तर खोली, नाही आले तर चिंचवड. हे त्यांनी मला इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचा रागच आला. असं कुणी एजंटाला सांगतं का?

घेणारा माझ्याकडे तयार होता. एक तरुण डॉक्टर, बायकोही डॉक्टर. त्यांना ती गल्ली हवी होती आणि पूर्वेचं दार हवं होतं. काकूंचा भावही त्यांना परवडला असता. पण मी त्यांना बोलून बसले होते की खाली आणून देते, आणि त्यांच्या दवाखान्यातले आणखी दोघे-तिघे घर शोधत होते. डॉक्टर खूश झाला असता तर पुढची दोन-तीन कामं माझ्याकडे आली असती. राहता राहिल्या काकू. मी स्वतःची समजूत घातली की म्हातारीनं मागं काहीतरी ठेवलेलं असणार. बायका ठेवतात. डब्यात, पेटीत, बहिणीकडे. कमी पडलं तर त्यातून काढून खोली घेतील.

चहाच्या वेळीच त्यांनी मला पाण्याची टाकी दाखवली होती. मागच्या दारातून पाऊल टाकलं की जमिनीत टाकी, वर सिमेंटचं झाकण. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळं टाकीशिवाय घर चालत नाही. काकू कौतुकानं म्हणाल्या, "ह्यांनी पुढच्या अंगाला खड्डा आखला हुता. मी म्हनलं, न्हाई, माज्या दारात पायजे. तितनं हितवर हंडे मी न्हाई वाहायची. मग लई हसले आन हितं खांदली." त्याच दारात, त्या झाकणावर बसून दाढी करताना, नवरा छातीत कळ येऊन गेला होता. हेही त्यांनी त्याच चहाबरोबर सांगितलं.

टाकी घराच्या नैऋत्य कोपऱ्यात होती. वास्तू बघणाऱ्यांच्या मते नैऋत्येला पाणी असलं की घरातला कर्ता पुरुष टिकत नाही. हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या स्वतःच्या घराची टाकी नैऋत्येलाच आहे. एका गिऱ्हाइकानं कधीतरी मला ते भीत भीत सांगितलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर नवऱ्याला सांगून पोट धरून हसले. काकूंची टाकी आणि त्यांच्या नवऱ्याचं जाणं, या दोन गोष्टी मी मुद्दाम जोडल्या नव्हत्या, असं मला आज म्हणता आलं असतं. पण जोडल्या होत्या.

पहिली दोन खोटी गिऱ्हाइकं काकूंनी सहज परतवली. एकानं खोल्या लहान म्हटल्या, एकीनं गल्ली अरुंद म्हटली. काकूंनी दोघांना लिंबाचं सरबत दिलं आणि भावातून एक पैसा सोडला नाही. मग मी माझ्या थोरल्या दिरांना नेलं. ते एसटीतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, खिशात होकायंत्र. या कामाची त्यांना भारी हौस, त्याबद्दल फक्त एकवेळचं जेवण मागतात.

भाऊजी मागच्या दारात जाऊन उभे राहिले. होकायंत्र तळहातावर धरलं, काटा थांबेपर्यंत थांबले, मग टाकीच्या झाकणाकडे बघितलं.

"तुमचे यजमान?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली," काकू म्हणाल्या.

"घरातच?"

"हितंच. ह्या दारात."

"हं," भाऊजी म्हणाले आणि होकायंत्र खिशात टाकलं. ते 'हं' मी शिकवलेलं नव्हतं. मला त्यांचं कौतुक वाटलं. फाटकाशी आल्यावर, काकूंना ऐकू जाईल इतक्या आवाजात, ते मला म्हणाले, "नैऋत्येला पाणी आहे. अशा घरात कर्ता राहत नाही. मला फुकट दिलं तरी नको." मी मागं वळून बघितलं. काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात सरबताचा ग्लास तसाच होता.

दोन-चार दिवसांत त्यांचा फोन येईल आणि त्या भाव कमी करतील, असा माझा हिशेब होता. फोन आठवड्यानं आला. आवाज बसलेला होता.

"ताई, टाकी बुजवली. ट्रालीभर मुरूम आनला. आता दाखवा कुनाला बी."

मी लगेच गेले. झाकणाच्या जागी लालसर मुरमाचा उंचवटा होता, त्यावर पाणी मारून चोपलेलं. घरात पाण्याच्या बादल्या, घागरी, पातेली, जिथं जागा मिळेल तिथं भरून ठेवलेली. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला चहा विचारला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"ह्यांनी पुढं आखली हुती," त्या म्हणाल्या. "मी हट्ट केला. माज्या हंड्यापायी गेला मानूस."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी कदाचित खरं बोलले असते. मी म्हणाले, "काकू, असं काही नसतं," आणि माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसला नाही, तर त्यांचा कुठून बसणार. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. मी त्यांची समजूत काढतेय, असं त्यांना वाटलं असावं.

तिथंच थांबायला हवं होतं. भाऊजी माझे दीर आहेत, त्यांना घर घ्यायचंच नव्हतं, एवढं बोलायला काही लागत नाही. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी घर बघितलं, लिंबाचं झाड बघितलं, खूश झाल्या, आणि मागच्या दारात येऊन विचारलं, "पाण्याची टाकी कुठंय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, टाकी नाही म्हणून आणखी कमी करून मागा. काकूंना स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "टाकी नाही म्हणतात काकू. एक दिवसाआड पाणी, त्यांचंही बरोबरच आहे."

"पन टाकीमुळंच तर कुनी घेत नव्हतं," त्या म्हणाल्या.

 भाव मी डॉक्टरांना कबूल केला होता त्याच्याही खाली गेला. घासाघीस झालीच नाही. त्या घरातून निघायला माणूस इतका उतावीळ झालेला मी कधी बघितला नव्हता. विसार पावती झाल्यावर मी त्यांना विचारलं, "त्या खोलीचं काय करायचं? थोडेच कमी पडतायत. मागं काही ठेवलंय का?"

"काय ठिवनार," त्या म्हणाल्या. "हे घरच ठिवलं हुतं."

खरेदीखताच्या दिवशी मुलगा चिंचवडहून आला. सह्या झाल्या, अंगठे झाले. मुलानं माझे आभार मानले, कारण आईचं मन वळत नव्हतं ते मी वळवलं. मी दोन्हीकडचं कमिशन घेतलं. डॉक्टरांनी महिनाभरात गवंडी बोलावला आणि नळाची लाइन तिथंच येते म्हणून जुन्याच टाकीतला मुरूम उपसून काढला. आतलं प्लास्टर कुठंच तडकलेलं नव्हतं. बांधणाऱ्यानं चोख काम केलं होतं, असं गवंडी मला म्हणाला.

चिंचवडला निघायच्या आदल्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. पुढच्या दारानं त्या कधीच येत नसत, याही वेळी मागूनच आल्या. हातात पिशवीभर लिंबं, आणि फॉल लावायला दिलेली माझी एक साडी. ती मी विसरूनही गेले होते. पैसे घेईनात. आमच्या मागच्या दाराशी टाकीच्या झाकणावर दुपार कलल्यावर ऊन येतं, तिथं माझे यजमान शेंगा सोलत बसले होते. त्यांना थोडं कमी ऐकू येतं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग वर सूर्याकडे, आणि मनात दिशा लावल्या. ते शिकायला त्यांना जबर किंमत पडली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझा दंड धरून त्यांनी मला आत ओढलं.

"ताई, तुमची बी तितंच हाय."

मी बाहेर यजमानांकडे बघितलं.

"मला कुनी येळेवर सांगितलं न्हाई. तुमाला मी सांगती. उद्याच्याला बुजवा. पान्याचे हाल हुतील, हुंद्या. मानूस ऱ्हायला पायजे."

त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती आणि त्या खऱ्याखुऱ्या घाबरल्या होत्या, माझ्यासाठी. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. सगळं सांगून टाकावं, त्यांच्या पायावर डोकं ठेवावं, असं आलं मनात. पण लाजेपाठोपाठ भीती आली. ही बाई अजून उद्यापर्यंत गल्लीत आहे. एकीला बोलली तर सावेडीतलं एकही स्वयंपाकघर मला उघडणार नाही. बाहेरून यजमानांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"लिंबं आणलीत," मी ओरडून सांगितलं. काकूंना म्हणाले, "बुजवते. उद्याच बुजवते."

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. काकू दुपारी फोन करतात, सून कामावर गेल्यावर. शिलाई मशीन मुलानं विकलं, ठेवायला जागा नव्हती. झोपायला हॉलमध्ये दिवाण आहे. याबद्दल त्या तक्रार करत नाहीत, मी विचारते म्हणून सांगतात. त्यांचा प्रश्न एकच असतो.

"साहेब बरे हायत न्हवं?"

"बरे आहेत."

"टाकी बुजवली ती तशीच हाय ना? कुनाचं ऐकून परत उकरू नका."

"तशीच आहे."

"मंग झालं," त्या म्हणतात. "तुमचा तरी वाचला."

परवा फोन आला तेव्हा पाण्याचा वार होता. मागच्या दाराशी नळ मोठा सोडलेला होता आणि टाकी भरत आली होती. यजमान झाकण सरकवून आत वाकून बघत होते. मी फोन कानाला तसाच धरून पुढच्या खोलीत गेले आणि मधलं दार लावून घेतलं, पाण्याचा आवाज काकूंना जाऊ नये म्हणून.