टाळ्या थांबल्यावर

काकूंचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात स्कूटर लावायला जागा शोधत होते. "काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ही बातमी माइकवर काकांना स्वतःला द्यायला मिळाली असती तर काय रंगवली असती त्यांनी! माझे हे धाकटे चुलते रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाचे तीस वर्षं निवेदक होते. गायकाचं गाणं पाच मिनिटं, त्याची ओळख पंधरा मिनिटं, आणि त्यातली दहा काकांची स्वतःची... टाळ्या पडल्या की माणूस असा फुलायचा की बघत राहावं!

मग एका गणेशोत्सवात मंडळाने माइक माझ्या हाती दिला. काकांनी चौबे कॉलनीतल्या घराचे पडदे ओढून घेतले ते महिनोन्महिने. जेवणाकडे लक्ष नाही, दाढी नाही, माझ्याशी बोलणं तर नाहीच. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, आणि त्याच्या मुळाशी सतत सगळ्यांहून मोठं दिसण्याची गरज. काकांनी तीन डॉक्टर बदलले. त्यांच्या तोडीचा रोगी म्हणे एकानेही पाहिला नव्हता. आजारातही पहिला नंबर! शेवटी आम्ही शहाण्यांनी त्यांच्या बैठकीच्या खोलीतच सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, वीस माणसं. काका दाढी करून आले आणि पाऊण तास बोलले! आम्ही खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ते पलंगावरून उठलेच नाहीत.

मी तडक गेले, रागातच. "काहून असं करून राहिले तुम्ही? कालच तर एवढं कौतुक झालं." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "टाळ्या थांबल्या का मी उरतच नाही, पोट्टे..." मला फार लाज वाटली. भुकेल्या माणसाला आम्ही नुसता वास देऊन आलो होतो.

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसू लागले. कौतुक करायचं नाही, वाद घालायचा नाही. ते माझ्या निवेदनातल्या चुका काढत, मी ऐकत असे. चौथा डॉक्टर टिकला. मला मात्र एकच हवं होतं, या माणसाने एकदा तरी मला विचारावं, तू कशी आहेस. दोन वर्षं नाही विचारलं. आणि मागच्या दिवाळीनंतर, मटार सोलता सोलता म्हणाले, "तुझं काय चालून राहिलं?" मी उडालेच! नोकरी, मुलगी, गुडघा, सगळं सांगत सुटले, आणि काका ऐकत होते, चक्क ऐकत होते! पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं तर ऐक..." त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले.

त्यांना जाऊन महिना झाला. परवा रविवारी त्याच खुर्चीत बसून काकूंना मुलीच्या परीक्षेचं सांगत होते, आणि पाचेक मिनिटांनी मध्येच गप्प झाले.

"काहून थांबली?" काकूंनी विचारलं.

"आता काका बोलतील ना," मी म्हटलं.