लाल पापणीला औषध नको

ताई गेल्याचं त्यांच्या अकोल्याच्या घरमालकिणीनं फोनवर सांगितलं. सकाळी दूधवाला हाका मारून परत गेला, दार उघडेना, म्हणून तिनं शेजाऱ्यांकडून कडी तोडून घेतली... ताई पलंगावर झोपल्यासारख्याच होत्या. आदल्या रविवारी त्या अमरावतीला आमच्या घरी होत्या. निघताना चपला घालता घालता थांबल्या, माझं तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढून पाहिली, गालावर एक टिचकी मारली आणि स्टेशनवर गेल्या. टिचकी म्हणजे पापणी आतून लाल आहे, काळजी नाही. तोंडानं त्यांनी कुणाला ठणठणीत म्हटल्याचं मला आठवत नाही.

ताई माझ्या मोठ्या नणंद. जनावरांच्या डॉक्टर, आणि नोकरीची बरीच वर्षं शेळ्यामेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करण्यात गेली. लग्नाला जंतांनी सवड दिली नाही, असं स्वतःच सांगायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अंजनगाव सुर्जीला, माझ्या माहेरी, मुलगी पाहायला आल्या तेव्हा. बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवणकाम विचारलं. ताई मात्र मला खिडकीशी घेऊन गेल्या आणि सगळ्यांदेखत माझी पापणी उलटली. मग आईकडे वळून म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाई. पोरीले सगळ्यायच्या मागून वाढता का?" बाजारात बकरी पाहावी तशी माझी पोर पाहिली, म्हणून बाबा संतापले. पण घरात तसंच होत होतं, हे आईला ठाऊक होतं. मला त्या बाईचा भयंकर राग आला, आणि ह्याच घरात जायचं हेही मी तेव्हाच ठरवलं.

बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ताई बकऱ्यांना अगदी तसंच पाहायच्या. शेळीच्या जठरात एक जंत असतो, तो रक्त पितो. रक्त कमी झालं की पापणीची आतली बाजू पांढरी पडते. ताईंचं म्हणणं एवढंच होतं, की पांढऱ्या पापणीच्या जनावराला औषध पाजा आणि लाल पापणीच्या जनावराला तसंच सोडा. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी मला समजावलं होतं, "सगळ्यायले पाजलं का मरणारे जंत मरतात अन् न मरणारे तेवढे उरतात. मंग त्यायचीच पिलावळ रानभर. उद्या बाटली घेऊन काय करसान?" मला कळलं. मी दहावी झालेली बाई. पण गावोगाव सरसकट औषध पाजायची शिबिरं भरवणाऱ्यांना ते कळलं नाही, किंवा कळून सोयीचं नव्हतं. एका बैठकीत वरच्या साहेबांनी त्यांना सुनावलं, की मॅडम, आम्हाला वरून किती बाटल्या रिकाम्या झाल्या ते विचारतात, किती भरलेल्या उरल्या ते नाही. ताई त्यांच्या तोंडावर भांडल्या. पुढे शेळ्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना कोंबड्यांच्या विभागात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

मग रविवार उरला. त्या दिवशी अकोल्याहून आमच्याकडे यायच्या. अमरावतीहून चांदूर रेल्वेच्या बाजूला एका गावात त्या जायच्या, तिथल्या बायकांच्या शेळ्यांच्या पापण्या पाहायच्या. पांढरी दिसली तर औषध, लाल दिसली तर टिचकी. बकरीलाही टिचकीच! आम्ही हसायचो. आजूबाजूच्या गावांत पुढे औषध पाजूनही शेळ्या मरायला लागल्या. ह्या एका गावात औषध अजून लागू पडत होतं. आपलं खरं ठरलं याचा ताईंना काडीचाही आनंद झाला नाही. ती बातमी कळली त्या दिवशी त्या न जेवता झोपल्या.

आणि त्या गेल्यावर महिन्याभरानं त्याच गावात त्यांच्या स्मरणार्थ मोफत शिबिर भरलं. फलकावर ताईंचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: एकही शेळी औषधाविना राहणार नाही. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचे हे तर गाडीतून उतरलेच नाहीत. घरातली म्हणून पहिला डोस मी पाजावा, असा मान मला दिला होता. हळदकुंकू लावलेली शेळी समोर आणली. त्याच गावच्या शेवंताबाईची होती, ताईंच्या हाताखाली वाढलेली. मी तिची पापणी ओढली. लाल... जास्वंदीसारखी लाल.

"हिले नाई पाजायचं," मी म्हणाले.

शेवंताबाईही पुढे आली. "काहून पाजता साहेब? मॅडमनं हिले कधीच नाई पाजलं."

"मावशी, फुकट आहे," शिबिराचे साहेब हसून म्हणाले. माझ्या हातातली औषधाची पिचकारी त्यांनी अलगद काढून घेतली आणि शेळीच्या तोंडात रिकामी केली. टाळ्या वाजल्या. मागे सगळ्या गावाच्या शेळ्या रांगेत उभ्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत एकही सुटली नाही. जिवंतपणी ताईंना नुसतं बाजूला सारलं होतं. मेल्यावर त्यांच्याच नावानं त्यांचं काम पुसलं. पेपरात फोटो आला, त्याखाली लिहिलं होतं की ताईंचं अपुरं स्वप्न पूर्ण झालं. तो पेपर मी शेगडी पेटवायला घेतला.

आमच्या घरात बाहेर पडण्याआधी दाराशी, उजेडात, क्षणभर थांबायची सगळ्यांना सवय आहे. पोरं शाळेत जायची तेव्हाही, ताई घरी नसल्या तरी, थांबायची. काल हे चपला घालून तसेच उभे राहिले, तोंड उजेडाकडे करून... कुणासाठी थांबलोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी जवळ गेले आणि अंगठ्यानं त्यांची पापणी ओढली. पांढुरकी होती. बहीण गेल्यापासून ते धड जेवलेले नाहीत. मी टिचकी मारली नाही. चपला काढायला लावल्या, आत आणून बसवलं आणि ताट वाढलं.