दोड्डम्माचं खारं पाणी

दोड्डम्मा माणसांवर चिडायची ती कन्नडमध्ये आणि माशांशी बोलायची ती मराठीत. काचेवर कुणी टकटक केलं, की "मुट्टबेडा! हात लावू नको!" असं ती ओरडे. मग टाकीपाशी वाकून हळूच म्हणे, "घाबरलात का रे? गेले ते."

ती माझी थोरली काकू. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर मंडी मोहल्ल्यातल्या घरात, पुढच्या खोलीत तिनं खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. म्हैसुरात समुद्र कुठला? परसात निळं पिंप होतं, त्यात ती मीठ कालवून पाणी मुरवत ठेवी. टाकीत नारिंगी पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, ते ज्यात लपत ते समुद्रफूल, आणि समुद्रातून आणलेले खडबडीत दगड. त्या खोलीत उदबत्ती बंद. दोड्डप्पांच्या, म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याच्या, तसबिरीलासुद्धा नुसता हार. "धूर पाण्यात उतरतो," ती म्हणे. एकदा भटजींनी नकळत उदबत्ती पेटवली, तर तिनं त्यांना पूजेच्या सामानासकट अंगणात बसवलं.

"पाणी पाळायचं असतं. मासे आपले आपण राहतात," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिचा मुलगा रघू बेंगळुरूला असे. त्यानं म्हैसुरातच कुवेंपुनगरात फ्लॅट घेतला आणि आईनं तिथं राहायचं, असं परस्पर ठरवून टाकलं. दुप्पट मोठी टाकीही आणली. दोड्डम्मा तयार झाली, पण तिची एक अट होती. "नव्या टाकीत आधी पाणी मुरू दे. थोडे दगड ठेवून काही आठवडे जाऊ देत. मासे शेवटी, आणि ते मीच हलवणार." "हो हो, आई," रघू म्हणाला. त्याचं ते 'हो हो' आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

गृहप्रवेशाच्या आधी ती आराधनेसाठी, म्हणजे गुरूंच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला, सोसले गावच्या मठात गेली. तेवढ्यात रघूनं माणसं लावून टाकी हलवली. जुनं पाणी मोरीत ओतलं. दगडांना वास येतो म्हणून ते नळाखाली घासले आणि गच्चीवर उन्हात वाळवले. पाणी स्वच्छ ठेवणारे सूक्ष्म जीव त्या दगडांवरच राहतात, हे तिनं त्याला लहानपणापासून सांगितलं होतं. मग नुकतंच मीठ कालवलेल्या कोऱ्या पाण्यात मासे सोडले, वर निळा दिवा लावला. पाहुण्यांना दाखवायला!

गृहप्रवेशाच्या सकाळी ती मठातून थेट फ्लॅटवर आली. लोक हातात केसरीबाथाच्या, म्हणजे केशरी शिऱ्याच्या, बशा घेऊन टाकीभोवती उभे होते. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. समुद्रफूल विरघळून चिकट लगदा झालं होतं.

"यार हेळिद्दु निनगे? कोणी सांगितलं तुला हे?" ती एवढंच म्हणाली.

"आई, सरप्राइज होतं. तुला त्रास नको म्हणून..."

तिनं स्वयंपाकघरातून पातेलं आणलं, साडीचा पदर खोचला आणि मासे उचलले. मी पातेलं मांडीवर धरून तिच्याबरोबर ऑटोत बसले. मंडी मोहल्ल्यात परसातलं निळं पिंप तसंच होतं. ते फालतू वाटून कुणी नेलं नव्हतं. त्यातलं पाणी तिनं टबात काढलं, हवेचा पंप लावला आणि थोडं थोडं पाणी पातेल्यात घालत राहिली. धाकटा मासा तिच्या ओंजळीतच गेला. थोरली मादी संध्याकाळी पोहायला लागली. तेव्हा कुठे दोड्डम्मा रडली.

ती फ्लॅटवर पुन्हा गेली नाही. रघू समजूत घालायला आला, म्हणाला, "मी तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी ना? मग मला का नाही विचारलंस?"

नातेवाइकांनी मात्र निकाल लावून टाकला: माशापायी बाईनं पोराला तोडलं! ती गेल्यावर तेराव्याला जेवतानाही तेच चाललं होतं. मी पानावरून उठले. "मासा सोडा. त्या घरात तिला कुणी माणूस समजलं का, ते सांगा आधी," असं सगळ्यांसमोर बोलले. रघू मान खाली घालून बसला होता. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं माझं जुनं शिलाई मशीन मला न सांगता देऊन टाकलं आणि विजेवरचं नवं आणलं. "तुला पाय मारायचा त्रास नको, अम्मा," म्हणाली.

"कुणाला दिलंस? जा. आत्ता जा आणि परत घेऊन ये."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चप्पल घातली आणि गेली.