वन्सं, बॅटरी आणि बशीसकट कप

आत्याआजीबद्दल लिहायचंय म्हणतेस ना, मग सगळ्यात आधी हे लिही की मी तिच्यावर जळायचे. लिहिलंस? खोडू नकोस. ती गेली तेव्हा सगळ्यांनी तिच्याबद्दल गोड गोड सांगितलं आणि मीही मान हलवली. आता जरा खरं सांगते.

आत्याआजी म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी मी तिला ‘अहो वन्सं’ म्हणायचं आणि तिने मला ‘अगं वहिनी’! माझं पोट तिथूनच दुखायला लागलं म्हण ना. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. मी तेव्हा थिएटरात झाडायचं काम करत होते. दोन खेळांच्या मधे सगळ्या रांगा झाडायच्या, कागदाचे बोळे, फुटाण्याची सालं, कुणाची एक चप्पल. हो, एकच! दुसरी एकाच पायात घालून माणूस घरी कसा गेला असेल देव जाणे. तर मीच मॅनेजरसाहेबांच्या मागे लागले, आमच्या वन्संना काहीतरी काम द्या. दिलं त्यांनी. आणि कोणतं दिलं? बॅटरीचं! अंधारात लोकांचं तिकीट बघायचं आणि बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची. वर पितळी बटणांचा निळा कोट. शिफारस माझी, कोट तिला, आणि मी आपली झाडू घेऊन वाकलेली.

तेही गिळलं असतं. पण सोमवार गिळता येत नव्हता.

त्या थिएटरात एक पद्धत होती. सोमवारी दुपारी सिनेमा पाठवणाऱ्या कंपनीचा फोन यायचा, सिनेमा अजून आठवडाभर ठेवता की रिळांचे डबे परत करता? त्याच्या आधी मॅनेजरसाहेब वन्संना आत बोलवायचे. का, तर खेळ सुटल्यावर ती दारात उभी असायची आणि लोक तिच्या पुढूनच बाहेर पडायचे. साहेबांचं म्हणणं असं, की माणूस दारात बोलतो तेच खरं, घरी पोचल्यावर तो शहाणपणा करायला लागतो. मग तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढायचे. चहा मागवायचे, तो बशीसकट कपात. आणि विचारायचे, “हं, काय म्हणते पब्लिक?” ती पदर सारखा करून सांगायची. ती ठेवा म्हणाली की सिनेमा राहायचा.

आणि ती सांगायची काय? माझं! सगळं माझं ऐकलेलं. लोक बाहेर पडत असताना मी झाडू घेऊन दाराशीच थांबलेली असायचे. कोण रडलं, कुणी शिवी घातली, कोण उद्या सासूला घेऊन येणार, सगळं माझ्या कानात. सकाळी मी भाजी निवडायला बसले की ही खिडकीतल्या उजेडात माझ्यासमोर येऊन बसायची. “वहिनी, सांग ना, काय काय म्हणाले? खाली बघून नको, माझ्याकडे बघून सांग.” जशी काही ती शाळेतली बाई आणि मी पाठांतर म्हणतेय. मी मूर्ख, हौसेने सांगायचे, नकला करून. सोमवारी मी साहेबांच्या खोलीबाहेर फरशी पुसत असायचे आणि आतून माझीच वाक्यं ऐकू यायची. माझे हातवारेसुद्धा! साहेब म्हणायचे, “बाई, काय कान आहेत हो तुमचे!” अंगाची नुसती लाही व्हायची. फरशी इतकी घासायचे की त्या दाराबाहेरची तेवढीच चकचकीत होती.

मग तो सिनेमा आला. एका माणसाला अपघात होतो, डोक्याला मार लागतो आणि तो सगळं विसरतो. धडपडत घर शोधून काढतो, तर घरात दुसराच माणूस त्याचं नाव लावून बसलेला! त्याचा कोट, त्याची नोकरी, त्याची बायको. मग काय, पुलावर मारामारी, जहाजावर मारामारी, गच्चीवरून उड्या. आणि मी काय म्हणायचे ठाऊक आहे? म्हणायचे, अरे, ही तर माझीच गोष्ट. माझं बोलणं घेऊन दुसरीच खुर्चीत बसलीय. फक्त मला उड्या मारता येत नाहीत.

लोकांना तो इतका आवडला की दारातून हलेनात. एक गॅरेजवाला बायकोला म्हणाला, “मारामारी झकास, पण नवरा बदललाय हे बायकोला कळू नये?” बायको म्हणाली, “कळलं असेल की. नवीन बरा निघाला असेल, म्हणून गप्प बसली.” एक म्हातारबाबा काठी आपटत म्हणाले, “मला सकाळी ठेवलेला चष्मा आठवत नाही. हा स्वतःचं नाव विसरला आणि बंदूक तेवढी बरोब्बर आठवते!” पण तेच बाबा दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन परत आले. दोन नर्सबाया तर भांडल्या. एक म्हणे डोक्याला मार लागून असं कुणी विसरत नाही, दुसरी म्हणे गप्प बस, मला रडू दे.

हे सगळं मी ऐकलं. आणि सोमवारी सकाळी वन्सं समोर येऊन बसल्या तेव्हा, काय सांगू तुला, माझ्या जिभेवर सैतान बसला. मी म्हटलं, “लोक वैतागलेत हो वन्सं. अर्धे झोपले होते. एक जण तर तिकीट फाडून गेला.”

“खरंच?” ती म्हणाली. “खुर्च्या तर भरलेल्या दिसल्या.”

“भरल्या होत्या, पण शिव्या देत उठले.”

तिने मान हलवली. तिला माझं बोलणं खोटं वाटायचंच नाही, तेही मला खुपायचं. साहेबांना तिने तेच सांगितलं, अगदी तिकीट फाडून दाखवलं. साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, शुक्रवारी डबे परत पाठवतो.

मंगळवारी दुपारच्या खेळाला दारं फुटायची वेळ. खिडकीवर लोक विचारतायत, पुढच्या आठवड्याचं तिकीट आजच देता का? साहेब बाहेर आले, बघतात तर काय, रांग रस्त्यापर्यंत. चेहरा लाल. खेळ सुटायच्या वेळी त्यांनी वन्संना दारात उभं केलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. “आज माझ्यासमोर तुम्ही सांगायचं, लोक काय बोलतायत ते. आणि हे काम झेपत नसेल तर बॅटरी परत ठेवा. दुसरी बाई बघतो मी.”

मी समोरच झाडू घेऊन. मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? म्हटलं आता कळेल कुणाचे कान आहेत ते.

लोक बाहेर पडायला लागले. बडबड, हसणं, नुसता गोंधळ. वन्सं हसून मान हलवतायत. एक बाई तिच्यापाशी थांबली, म्हणाली, “अहो, माझी छत्री आत राहिली. जरा बॅटरी दाखवता?” आणि वन्संनी तसंच गोड हसून मान हलवली आणि म्हणाल्या, “हो ना, पुन्हा या हं.”

ती बाई बघतच राहिली. साहेब गर्दीकडे बघत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

अकरा वर्षं ती त्या दाराशी उभी होती, डोक्यावर एवढा मोठा स्पीकर, रोज तीन खेळ. खिडकीतला उजेड. ‘माझ्याकडे बघून सांग.’ अगं, तिला ऐकूच येत नव्हतं! माझ्या तोंडाकडे बघून ती शब्द ओळखायची. आणि मी समजत होते चोरी चाललीय. बहिरी बाई बॅटरीला कोण ठेवणार? कोट जाणार, काम जाणार, भावाच्या घरी मिंधं होऊन बसायची पाळी.

साहेब म्हणाले, “हं, बाई, काय म्हणतायत?”

बॅटरी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. तिने माझ्याकडे बघितलं.

मी बोलले असते तर खुर्ची माझी होती. एका वाक्याचं काम होतं. वाक्य ओठावर आलंही होतं, खोटं नाही सांगत. पण तिचे डोळे माझ्या ओठांवरच होते ना. काय बोलणार? मी साहेबांच्या पाठीमागे सरकले, बल्बच्या खाली उभी राहिले आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. नवरा बदलला तरी बायकोला कळू नये. चष्मा आठवत नाही, बंदूक आठवते. रडू दे मला. ती घडाघडा बोलायला लागली, वर आपल्या पदरचं थोडं. साहेब हसले. मग थांबले.

“मग काल उलटं का सांगितलंत?”

तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. माझे ओठ गप्प. पण तिला तेही वाचता आलं. कळलं तिला सगळं.

“काल माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, साहेब,” ती म्हणाली. “चूक माझी.”

बघितलंस? खोटं मी बोलले, आणि मोठेपणा तिने घेतला. तिथेही पुढे! साहेबांनी परत फोन केला, डबे राहिले, सिनेमा सहा आठवडे चालला.

घरी जाताना मी म्हटलं, अगदी तिच्यासमोर वळून, “वन्सं, मला सांगायचं तरी.”

ती म्हणाली, “म्हणजे तुला माहीत नव्हतं? मला वाटायचं, तुला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून तर एवढ्या नकला करून सांगतेस. मी सगळीकडे सांगत फिरते, माझी वहिनी माझ्यासाठी किती करते म्हणून.”

मला रस्त्यात उभं राहून रडावं की तिला एक धपाटा घालावा कळेना. “काल खोटं सांगितलं मी,” म्हटलं.

“कळलं,” ती म्हणाली. “कशासाठी?”

“कपासाठी,” मी म्हटलं. “बशीसकट.”

इतकी हसली, इतकी हसली, माणसं वळून बघायला लागली.

पुढच्या सोमवारी ती साहेबांना म्हणाली, “वहिनीला पण बसू द्या. मला हल्ली सगळं आठवत नाही, मी विसरले की ती सांगते.” साहेबांनी दुसरी खुर्ची मागवली. ऑफिसात बशी मात्र एकच होती. ती तिच्याकडे गेली, मला नुसता कप, आणि बोटं भाजली. ती तशीच माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि मी बोलत राहिले, पुढची नऊ वर्षं.

आता लोक म्हणतात, त्या बॅटरीवाल्या बाईचे कान काय होते! लिही तेही. आणि खाली लिही, कान माझे होते. नाही, थांब. राहू दे. ती बशी तेवढी त्या वरच्या फळीवरून काढून दे मला. काम सोडताना मागून आणली होती तिने, आणि जायच्या आधी माझ्या हातात दिली. चहा ओत त्यात. बघू तरी, एवढं काय आहे त्या बशीत.