बाभळीवर पसरलेली वाळू

एका वाळू ठेकेदाराने नदीकाठच्या वस्तीला फसवलं आणि त्याची किंमत सैन्यातल्या माझ्या सेक्शनने मोजली. जयपूरच्या पूर्वेला, कानोत्याच्या पुढे, त्याने कोरड्या नदीच्या पात्रात माणूस उभा बुडेल एवढा खड्डा खणला. काम संपल्यावर खड्डा भरून द्यायचा, असं ठरलं होतं. त्याने तो विलायती बाभळीच्या फांद्या कोंबून भरला, वर हातभर वाळू पसरली आणि सपाट पात्र दाखवून मोकळा झाला. तपासायला आलेले साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच खाली केली, वाळू पाहिली, काच वर केली.

त्या खड्ड्यात नाईक उत्तम शेलार गेला. मी त्याचा हवालदार होतो.

मी सातारा जिल्ह्यातला, इंजिनिअर रेजिमेंटचा. शेवटची पोस्टिंग जयपूर. आमच्या स्टोअरमध्ये असॉल्ट बोटी होत्या आणि त्यावरून इतर युनिटांचे जवान आमची टिंगल करायचे. "वाळवंटात होडी कोण चालवतं?" पण राजस्थानात पाऊस पडत नाही हा गैरसमज आहे. पडत नाही तेव्हा वर्षानुवर्षं पडत नाही, आणि पडतो तेव्हा ते पाणी जाणार कुठे, हे सगळे विसरून गेलेले असतात. म्हणून दर जूनमध्ये आम्ही बोटी बाहेर काढायचो. इंजिन, दोर, लाइफ जॅकेट तपासायचो. कानोत्याच्या धरणात पाणी असलं तर तिथे सराव. काठावर सहलीला आलेली कुटुंबं भजी खात आमच्याकडे बघत बसायची.

शेलार माण तालुक्यातला. दुष्काळी भाग. सैन्यात येईपर्यंत त्याला पोहता येत नव्हतं, मीच शिकवलं. तेव्हापासून मी त्याचा उस्ताद. कुठल्याही नदीवर गेलो की तो पहिल्यांदा वाळू मुठीत घ्यायचा.

"वाळू म्हणजे नदीचा माठ, उस्ताद," तो म्हणायचा. "वरून कोरडी दिसती. आत पाणी धरून बसती. आमची आई उन्हाळ्यात पात्र उकरून त्यातनं कळशी भरायची."

मला भाव पाडल्याशिवाय काही घेता येत नाही, त्यावर त्याची बडबड चालायची. "राजा पार्कच्या बाजारात तुम्हाला बघून दुकानदार शटर ओढतात. उद्या पूर आला तर पुराशीपण घासाघीस कराल."

"करीन की. तू फक्त दोर धर."

ऑगस्टमध्ये दोन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी उजाडताच हुकूम आला. नदीपलीकडच्या एका ढाणीला, म्हणजे शेतातल्या वस्तीला, पाण्याने वेढलं होतं. आम्ही एक बोट आणि आठ जवान घेऊन निघालो.

काठावर रामकरणजी भेटले. पलीकडे त्यांचंच घर होतं. आदल्या दिवशी दूध घालायला शहरात आले आणि अलीकडे अडकले. त्यांची सून अवघडलेली होती, दिवस भरत आले होते. पलीकडच्या छपरावर माणसं दिसत होती. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, ब्राव्हो. नदीवर पोहोचलो. माणसं छपरावर. एक बाई गरोदर. ओव्हर."

"ब्राव्हो, कंट्रोल. बोट चालेल? ओव्हर."

"इंजिन चालणार नाही, सर. पाणी उथळ, धार जोरात. पंखा वाळूत रुतेल. पायी उतरून बोट ओढत नेतो. ओव्हर."

"गो अहेड. आउट."

रामकरणजींनी वाट दाखवली. "यहाँ घुटने तक है, साब. बचपन से आता-जाता हूँ."

शेलारने विचारलं, "बाबाजी, पानी में आख़िरी बार कब उतरे थे?"

म्हाताऱ्याने कोरड्या पात्राच्या सवयीने धोतर सावरलं. मग म्हणाला, "पानी आया ही कब था?"

आम्ही सगळे हसलो, तेही हसले. खड्ड्याचं त्यांनी लपवलं नाही. बजरीवाल्यांनी तिथून बजरी नेली होती. वाळूला इथे बजरी म्हणतात. "पर भर दिया था. हमारी बकरियाँ चलती हैं उस पर." ते खरंच होतं. कोरड्या दिवसांत बकऱ्या त्यावरून चालत होत्या.

शेलार पुढे निघाला. हातात बांबू, अंगात लाइफ जॅकेट, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. मागे बोट धरून बाकीचे. तो एक पाऊल टाकण्याआधी बांबू टेकवायचा आणि ओरडून सांगायचा. पाणी गुडघ्याच्या वर चढलं नव्हतं. नदीच्या मध्यावर त्याने बांबू दोनदा दाबून पाहिला.

"घट्ट आहे, उस्ताद. या."

बांबूला बाभळीच्या फांद्या घट्ट लागल्या. माणसाचं वजन त्यांनी घेतलं नाही. तो सरळ खाली गेला. लाइफ जॅकेटने त्याला वर आणायला हवं होतं, पण अंगावर फांद्यांचं जाळं होतं आणि धार ते दाबून धरत होती. मी दोर ओढला. दोर ताठ झाला आणि अडकला. मी बुडी मारली. माझ्यानंतर आणखी दोघांनी मारली. शेवटी आम्ही दोर सोडून फांद्या ओढायला लागलो. तो हाताला लागला तेव्हा उशीर झाला होता. सोबतच्या नर्सिंग असिस्टंटने काठावर बराच वेळ प्रयत्न केला.

"ब्राव्हो, कंट्रोल. सिटरेप. काय परिस्थिती? ओव्हर."

"एक कॅज्युअल्टी. नाईक शेलार."



"ब्राव्हो, टास्क?"

"चालू आहे, सर. वरच्या अंगाला खडक आहे. लांब पडेल, पण तिथून जातो. आउट."

खडकावरून आम्ही पलीकडे गेलो आणि दुपारपर्यंत सगळी माणसं आणली. रामकरणजींच्या सुनेला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. आता ती शाळेत जाते आणि माझ्याकडे चॉकलेटासाठी माझ्यापेक्षा चिवट घासाघीस करते.

निवृत्तीनंतर मी जयपुरातच राहिलो. एक जुनी जेसीबी घेतली. आज तीन आहेत. कोणाच्या ओळखीने नाही, स्वतः डिझेलमध्ये हात घालून. माझी मुलगी गोपालपुऱ्याला क्लासला जाते. ती म्हणते, "पप्पा, मतलब तुम्ही 'गुड मॉर्निंग'पण भांडल्यासारखं बोलता." असेल. मला राग लवकर येतो. पण धंद्यात तो कधी दाखवायचा, ते मला कळतं.

गेल्या हिवाळ्यात तोच ठेकेदार माझ्या शेडमध्ये आला. माझा त्या खड्ड्याशी काय संबंध, हे त्याला ठाऊक नव्हतं. ढाणीवाल्यांच्या तक्रारी थांबत नव्हत्या. पुराने उघडा पाडलेला खड्डा पुन्हा तपासायला नवे साहेब येणार होते.

"हवालदारजी, बस ऊपर-ऊपर से लेवल करना है."

"नीचे क्या डालोगे?"

"बबूल. और क्या!" तो हसला. "आप तो लाइन के आदमी हो."

माझ्या हातात पाना होता. मी तो टेबलावर ठेवला आणि सौदा केला. मशीन माझं, डिझेल माझं, भाडं काही नाही. बदल्यात खड्ड्यातून जे निघेल ते माझं. त्याला वाटलं, खाली राहिलेल्या बजरीवर माझा डोळा आहे. दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर, रामकरणजींसमोर, त्याने माझ्या हातावर हात मारला.

खड्ड्यातून बाभूळ निघाली. काळी पडलेली, काट्यांसकट. मी शेलारचा बांबू शोधला. सापडला नाही. सगळी बाभूळ मी ढाणीकडे येणाऱ्या रस्त्यावर आडवी रचली, माणसाच्या उंचीची. साहेबांची गाडी तिथे थांबली. पुढे जागाच नव्हती.

"ये क्या है?" नव्या साहेबांनी काच खाली करून विचारलं.

"ये नदी का भराव है, साब. नीचे उतरकर देखिए."

ते उतरले. तरुण होते. काट्यात बूट फाटला तरी खड्ड्याच्या तळापर्यंत गेले. ठेकेदार फोन कानाला लावून सटकला.

मग ढाणीतली माणसं आणि माझी दोन मशीनं कामाला लागली. खड्ड्याच्या उभ्या कडा उतरत्या केल्या, म्हणजे माणूस किंवा जनावर घसरलं तरी चालत वर येईल. खालच्या अंगाला दगडांचा बुटका बांध घातला. यंदाच्या पावसात नदीने तिथे स्वतःची वाळू आणून टाकली. खड्डा नदीनेच भरला, आणि खरा भरला. पाणी ओसरून पात्र कोरडं पडलं, तरी रामकरणजींच्या घरातल्या बायका तिथे वाळू उकरून कळशी भरत होत्या. बाजूच्या विहिरीला पाणी चढलंय. मी एक मूठ वाळू डबीत भरून माणला शेलारच्या आईकडे नेली. तिने ती बोटांत चोळून पाहिली. "चांगली हाय," म्हणाली. "पाणी धरंल."

रामकरणजी आता दर पावसाळ्याआधी आणि प्रत्येक पाण्यानंतर स्वतः पात्रात उतरतात आणि जिथून सुखरूप जाता येतं तिथे बांबू रोवतात. ढाणीतली पोरं त्याला 'शेलारजी का बाँस' म्हणतात. शेलार कोण होता, ते त्या पोरांना सांगता येतं. मी विचारून पाहिलंय.

ठेकेदार सध्या दुसऱ्या नदीत खणतो आहे. त्याने माणला जाऊन शेलारच्या आईसमोर सांगावं, खड्डा कशाने भरला होता. रेल्वेचं तिकीट मी काढतो, त्यात घासाघीस करणार नाही. आणि त्या दिवशी ज्यांनी काच वर केली, त्या साहेबांनी एकदा नदीवर यावं, गाडीतून उतरावं आणि त्या बांबूपर्यंत चालून दाखवावं. परवाच्या पावसाने पाणी सध्या घोट्याएवढं आहे. दोर मी धरतो.