बहिणीच्या बोलण्याचा वेग

विघ्नहर्त्या गजाननाला आणि अक्षरांची माउली जी शारदा तिला वंदन करून, रोह्याच्या ग्रामदैवताचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त खंडेनवमीचे. या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, सुतार पटाशी पुजतो, आणि आमच्या रोह्याच्या बाजारपेठेतील टंकलेखनाच्या वर्गात सगळी यंत्रे पुसून, ओळीने मांडून, झेंडूच्या माळा घालून पुजली जातात. वर्ग चालविणाऱ्या बाई एके काळी शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकल्या. पुढे निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे टंकलेखन शिकलो. त्या यंदा म्हणाल्या, "सर, मुलांसाठी काही लिहून द्या. वेग वाढवून काय फायदा होतो, असं काहीतरी. कॉम्प्युटर आल्यापासून मुलं विचारतात, आता हे कशाला शिकायचं?"

नोकरीला मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते, हे मुलांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. संगणकालाही बोटे लागतातच, हेही त्यांना कळेल. मला वेगाचा जो लाभ झाला तो माझ्या वडिलांसंबंधीचा आहे, आणि तो सांगावयाचा तर बहिणीपासून आरंभ करावा लागेल.

माझे वडील पेणला पुराण सांगत. रोज संध्याकाळी देवळात पुराण, आणि दुपारी घरी त्याची उजळणी. माजघरात आई आणि बहीण पोह्याचे पापड लाटीत बसत. समोर वडील येरझारा घालीत, संध्याकाळचा विषय मोठ्याने बोलून पाहत. त्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. मी चार वर्षांचा असताना ते गेले. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आवाजही आठवत नाही. आठवतात ती ओल्या अंगणातून येणारी त्यांची अनवाणी पावले, आणि तीही खरोखर आठवतात की बहिणीने सांगितली म्हणून आठवतात, हे मला सांगता येणार नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मुलगी म्हणून तिला कोणी शिकविले नाही, परंतु दुपारच्या त्या उजळण्या तिच्या कानात जशाच्या तशा राहिल्या. मी पाठशाळेत गेलो, शास्त्रे शिकलो, रोह्याला संस्कृतचा शिक्षक झालो. आणि ज्या पुरुषाचा मी मुलगा, त्याचे बोलणे मात्र माझ्या बहिणीपाशी राहिले.

मी निवृत्त झालो त्या सुमारास तिच्या डॉक्टरांनी सांगितले की हृदय दमले आहे. मग मी वही घेऊन पेणला जाऊ लागलो. मला वडिलांचे शब्द हवे होते, आणि ते तिच्याबरोबर संपून चालणार नव्हते.

अडचण अशी की नुसते बसवून विचारले तर तिला काही आठवत नसे. "हात थांबला की बाबाही थांबतात," असे ती म्हणे. समोर पोळपाट आला, हातात लाटणे फिरू लागले, की ते झऱ्यासारखे येई. आणि मध्ये "जरा थांब, पुन्हा सांग" म्हटले की आटून जाई. माझे अक्षर पाठशाळेतले, घोटीव. शिरोरेषा सरळ नसली तर मला पुढचा शब्द लिहवत नाही.

"अरे, तू अक्षर काढतोस की गणपतीचे डोळे आखतोस?" ती म्हणे. गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या पेणला या बोलण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

"सुंदर लिहिलेलं टिकतं गं."

"टिकेल. पण माझं टिकायला हवं ना तोवर."

हंगामात तिच्यासोबत पापड लाटायला खाडीकाठच्या गावातून एक बाई येत असे. ती माझ्याकडे न बघता म्हणे, "आवो गुरुजी, माज्या चार लाट्या झाल्या, तुमचा येक शबूद नाय झाला. असं पापड लाटलं तर आमाला कोन ठेवील कामावर?" यावर दोघी इतक्या हसत की बहिणीला धाप लागे आणि त्या दिवशीचे सांगणे तेथेच संपे.

भाच्याने एकदा टेपरेकॉर्डर आणला. बहिणीने तो परत न्यावयास लावला. म्हणाली, "माझा आवाज मागे ठेवायचा नाही. मी गेल्यावर कोणीतरी बटण दाबील आणि सूनबाई हातातलं भांडं टाकील. गेलेल्या माणसाला अशी हाक मारून बसवू नये." तिची ही श्रद्धा मी मानली. आजही मला ती चुकीची वाटत नाही. फक्त कधी कधी फार जड वाटते.

पापडाचा हंगाम उन्हाचा. ज्येष्ठात आभाळ भरले, पोळपाट माळ्यावर गेला, आणि माझ्या वहीत अवघी अकरा पाने भरली होती. त्याच पावसाळ्यात मी टंकलेखनाच्या वर्गात नाव घातले.

माझ्या शेजारी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून येणाऱ्या मुली बसत. पहिल्याच दिवशी एकीने विचारले, "आजोबा, तुम्हाला कुठल्या कंपनीत लागायचंय?"

"पेणला. पापडाच्या कंपनीत."

"मग शिफ्ट कुठली? फर्स्ट की नाईट?"

"मालकीण ठरवील ती," मी म्हणालो. त्या दिवसापासून मी त्या वर्गाचा झालो.

परंतु माझा वेग वाढेना. दोन महिने झाले, मुली पंचविसांवर गेल्या, मी आठ शब्दांवर. एके दिवशी बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि पाच मिनिटे नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही प्रत्येक शब्द दोनदा म्हणताय."

मला ते ठाऊकही नव्हते. पाठशाळेत संथा घेताना गुरुजी एकदा म्हणत आणि आम्ही दोनदा म्हणत असू. बालपणीची दहा वर्षे ओठांनी जे केले, तेच ते येथे करीत होते. समोरचा शब्द डोळ्यांनी एकदा घेतला की ओठ तो दोनदा म्हणत, आणि मगच बोट कळीवर पडे. शिवाय यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. जो स्वर मागाहून उच्चारावयाचा तो आधी उमटवताना माझी जीभ अडखळे आणि तिच्यासोबत बोट अडखळे.

"ओठ मिटा, सर. बोटांना बोलू द्या." आणि त्यांनी पर्समधून एक लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. "ही जिभेखाली धरा. चावायची नाही. तास संपला की द्या टाकून."

ज्या मुलीला मी 'रामः रामौ रामाः' मोठ्याने म्हणावयास लावले होते, तिने मला मौन शिकविले. लवंगेने जीभ चुरचुरे, बधिर होई, पण ओठ हलत नसत. दिवाळीपर्यंत मी वीस शब्दांवर आलो, मार्गशीर्षात तिसांवर. बाई म्हणत, "हात आपोआप चालायला लागले की समजायचं शिकलात. कान आणि बोट, मधे कोणी नाही." मी रोज पहाटे पूजा आटोपून सराव करी. मधला तो 'कोणी' दूर व्हावा म्हणून मी देवाची प्रार्थनाही केली आहे. माघ लागला तेव्हा मी चाळिसांवर होतो.

पेटीत मावणारे एक जुने यंत्र मिळविले आणि एस.टी.ने निघालो. नागोठण्याला कंडक्टरने पेटीवर टिचकी मारून विचारले, "गुरुजी, भजन कुठं आज?" मी म्हटले, "यातून सूर निघत नाहीत रे बाबा, नुसता खडखडाट." पेणला पोहोचलो तेव्हा बहीण पोळपाटावर बसलीच होती. खाडीकाठच्या बाईने पेटी उघडताच कपाळावर हात मारला. "काय गो बाय, आता ह्यो गिरन घेऊन आला!"

बहीण मात्र हसली नाही. तिने लाटी हातात घेतली, लाटणे फिरविले आणि बोलू लागली. मी पहिल्यांदाच तिला थांबविले नाही.

ते दिवस कसे सांगू? लाटण्याचा एक आवाज, यंत्राचा दुसरा, आणि मधून वाहणारे तिचे बोलणे. सुमारे आठवड्यातून एकदा मी जाई. सकाळच्या गाडीने जाई आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई, कारण पहाटेची पूजा आणि सराव चुकवावयाचा नसे. वैशाख संपेपर्यंत दीडशेच्या वर पाने झाली. त्यात वडील मिठागरावर बोलले आहेत: आगरात माणूस मीठ करीत नाही, मीठ ऊन करते, माणसाने बांध राखावा, पाणी आत घ्यावे आणि वाट पाहावी, जप करणाऱ्यानेही याहून अधिक काही आपण करतो असे समजू नये. हे वाचताना प्रथमच मला माझा बाप भेटला. मी शास्त्रांत जे वर्षानुवर्षे शोधले, ते त्याने पेणच्या खाडीवर बोट दाखवून सांगितले होते. मुलांनो, वेग नसता तर हे पान नसते. माझ्या सुंदर अक्षराने ते मला कधीही मिळाले नसते.

आषाढात बहीण गेली. शांतपणे, दुपारी. श्रावणात मी ती पाने सलग वाचावयास काढली, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वहीतल्या त्या अकरा पानांतले प्रत्येक वाक्य तिच्या आवाजात मला ऐकू येत होते. कोठे ती थांबली, कोठे चिडली, सारे. टंकलिखित पाने मात्र मी जणू प्रथमच वाचीत होतो. ती बोलली होती, मी उमटविले होते, परंतु ऐकले नव्हते. कान आणि बोट, मधे कोणी नव्हते.

चैत्रातल्या एका पानावर वडील ध्रुवाची कथा सांगत आहेत. सावत्र आईने बाळाला मांडीवरून उतरविले, येथपर्यंत कथा आली आहे, आणि त्याच ओळीत, ना नवा परिच्छेद, ना अवतरणचिन्ह, असे उमटले आहे: "तो बाळ रडत आईकडे गेला आज राहशील का रे दोन दिवस राहा ना मला जरा बरं वाटेल आई म्हणाली बाळा रडू नको". आणि पुढे कथा चालू.

मी ते पान कितीदा वाचले याला गणती नाही. तिने मला विचारले होते. माझ्या दहा बोटांनी ते एकही चूक न करता टिपले होते. आणि मी संध्याकाळच्या गाडीने निघून आलो होतो.

मी भाच्याच्या बायकोला, म्हणजे बहिणीच्या सुनेला, त्या दिवसाविषयी विचारले. तिला आठवत होते. "हो मामा. आईंनी मला दुपारीच सांगितलं होतं, एक मूठ तांदूळ जास्त टाक, तो राहील आज. तुम्ही पेटी बंद केलीत आणि उठलात. मी विचारणार होते, तर आईंनी डोळ्यांनी नको म्हटलं. तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, असू दे, बाबांच्यातच आहे तो, उठवू नये."

मला 'हो' म्हणावयाचे होते, एवढेच. आजही पेणचा रस्ता लागला की मनात ते येते. परंतु ज्या घरी जाऊन ते म्हणावयाचे, तेथे पोळपाट माळ्यावर आहे.

मुलांनो, वेग अवश्य वाढवा. तुमच्या घरीही कोणी असेल, ज्याचे बोलणे थांबविले तर आटते; त्याच्यासाठी चाळीस शब्द गाठा. जिभेखाली लवंग धरावी लागली तरी गाठा. आणि बोटे आपोआप धावू लागली की जो कान मोकळा होतो, तो मोकळा ठेवा. मला हे दोन्ही एकदम साधले नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला साधेल.

ज्या जगन्नियंत्याच्या कृपेने वाणी अक्षर होते, तो तुमच्या बोटांना गती देवो आणि ती गती मंगल कार्यी लागो. हे वाचणाऱ्याच्या घरी वडीलधारी माणसे दीर्घकाळ, निरामय नांदोत. त्यांनी "राहतोस का" म्हणून विचारावे आणि त्यांच्या लेकरांना राहावयास सवड असावी. अन्नपूर्णा तुमच्या घरी एक मूठ तांदूळ नेहमी अधिक ठेवो. शुभं भवतु.